वाळवीच्या वाट्याचं लाकूड

युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात पॅसिफिक बेटांच्या दालनात शिरलात, तर न्यू आयर्लंडच्या मूर्ती लगेच ओळखू येतात. कारण त्या तुमच्याकडे बघत असतात. डोळ्यांच्या जागी एका समुद्री गोगलगायीच्या शंखाचं गोल झाकण बसवलेलं असतं. त्याच्या मधोमध हिरवट बुबुळ आणि भोवती पांढरट कड. माणसाच्या डोळ्यापेक्षा ते जास्त ओलं दिसतं. खाली पाटी असते: मलांगन, न्यू आयर्लंड, लाकूड, रंग, शंख, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, कलावंत अज्ञात.

या पाटीतल्या शेवटच्या शब्दावर माझा आक्षेप आहे. ज्या गावात ती मूर्ती कोरली गेली, तिथे ती कोणी कोरली, कोणाच्या सांगण्यावरून कोरली आणि ती कोरण्याचा हक्क त्याला कोणाकडून मिळाला, हे सगळ्यांना माहीत होतं. विकत घेणाऱ्यानं विचारलं नाही, एवढाच त्या ‘अज्ञात’चा अर्थ. पण मलांगनवर जे लिहिलं गेलं आहे ते वाचत गेल्यावर माझा मुख्य वाद पाटीशी राहिला नाही. तो पाटीच्या पुढे जाऊन फार हुशारीनं लिहिणाऱ्यांशी सुरू झाला.

आधी थोडं भूगोलाचं. न्यू आयर्लंडचा युरोपातल्या आयर्लंडशी नावापलीकडे काही संबंध नाही. पापुआ न्यू गिनीच्या ईशान्येला असलेलं हे एक चिंचोळं बेट आहे, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब आणि कित्येक ठिकाणी जेमतेम दहा-बारा किलोमीटर रुंद. जर्मनांनी 1880च्या दशकात ते ताब्यात घेतलं आणि त्याला नॉय-मेक्लेनबुर्ग म्हणू लागले. 1914मध्ये ऑस्ट्रेलियानं ते घेतलं. 1975मध्ये पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला. बेटाच्या उत्तर भागात आणि शेजारच्या ताबार बेटांवर मलांगनची परंपरा आहे. मूळ ताबारचं, असं न्यू आयर्लंडचे लोकही सांगतात.

मलांगन हा शब्द मूर्तीसाठी वापरला जातो, ज्या समारंभात ती दाखवली जाते त्यासाठी वापरला जातो आणि त्यामागच्या हक्कांच्या सगळ्या व्यवस्थेसाठीही. कोणी मेलं की लगेच मलांगन होत नाही. काही महिने जातात, कधी कधी वर्षं. डुकरं पोसावी लागतात, अरवीच्या वर्गातल्या टारो कंदाची शेतं लावावी लागतात, शंखशिंपल्यांच्या माळांचं चलन जमवावं लागतं. बहुतेक वेळा दोन-चार मृतांचं एकत्रच केलं जातं, कारण खर्च एका घराच्या आवाक्यातला नसतो. मग कुंपण घालून आत, बायका-मुलांच्या नजरेआड, कोरीवकाम सुरू होतं. ज्याच्याकडे त्या प्रतिमेचा हक्क आहे तो कोरणाऱ्याला ती तोंडी सांगतो. समोर नमुना नसतो. तो असूच शकत नाही, कारण मागच्या वेळची मूर्ती केव्हाच कुजून गेलेली असते. हक्कदारानं ती वीस-तीस वर्षांपूर्वी, कदाचित लहानपणी, एकदाच थोडा वेळ पाहिलेली असते.

समारंभाच्या दिवशी मूर्ती उघड केली जाते. लोक बघतात. डुकरं कापली जातात, देणीघेणी चुकती होतात, जुनी भांडणं मिटवली जातात किंवा नव्यानं सुरू होतात. ज्यांना या प्रतिमेचा हक्क मिळवायचा असतो ते सर्वांसमक्ष त्याची किंमत मोजतात. त्या क्षणापासून पुढच्या वेळी ही प्रतिमा कोरून घेण्याचा हक्क त्यांचा. आणि मूर्तीचं काम संपलं. ती रानात, गुहेत किंवा पावसात सोडून दिली जाते, नाहीतर जाळली जाते. 1870च्या सुमारापासून त्यात आणखी एक मार्ग आला: ती किनाऱ्यावर जहाज घेऊन आलेल्या गोऱ्या माणसाला विकायची.

हे लाकूड कुठलं, हे कळल्यावर मला गंमत वाटली. ते अल्स्टोनिया या प्रजातीचं असतं. म्हणजे आपल्या सातवीणीच्या सख्ख्या भावकीतलं. पावसाळा सरल्यावर पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर जिच्या वासानं काहींचं डोकं उठतं, ती सप्तपर्णी. तिच्या शास्त्रीय नावातला ‘स्कोलॅरिस’ हा शब्द, तिच्या लाकडाच्या शाळेत लिहायच्या पाट्या होत असत म्हणून आला. पांढरट, हलकं, वाकस लावलं की सहज निघणारं लाकूड. कोणताही सुतार सांगेल की यात खिडकी-दार करू नका, वाळवी खाईल. टिकाऊ लाकडाची त्या बेटावर वाण नाही. तरी निवडलं गेलं ते हे.

आता मूर्तीकडे बघू. मलांगनचे प्रकार बरेच आहेत: उभे खांब, आडव्या पट्ट्या, विणलेल्या मोठ्या चकत्या, नाचात घालायचे मुखवटे. मी इथे उभ्या मूर्तींबद्दलच बोलतेय. मध्ये एक माणूस असतो. त्याच्या हनुवटीपासून खाली पट्ट्या उतरतात, बाजूंनी दांडे वर जातात, आणि तो माणूस या दांड्यांच्या पिंजऱ्यात उभा आहे असं दिसतं. तोंडात मासा. माशाच्या तोंडात कधी पक्षी, पक्ष्याच्या चोचीत साप, आणि साप परत माणसाच्या अंगावर. कोण कोणाला गिळतंय आणि कोण कोणाच्या तोंडातून बाहेर येतंय, याचा निवाडा करता येत नाही. यातला बहुतेक भाग एकाच ओंडक्यातून काढलेला असतो. जोडकाम फार थोडं. आतला माणूस आणि बाहेरचा पिंजरा एकाच लाकडाचे आहेत. माणूस त्यात नंतर ठेवलेला नाही.

हेन्री मूर तरुणपणी, 1921पासून, ब्रिटिश म्युझियममध्ये नेमानं जात असे. तिथल्या न्यू आयर्लंडच्या कोरीवकामाचा आपल्यावर खोल परिणाम झाला असं त्यानं म्हातारपणी, 1981च्या एका पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आकाराच्या आत आकार, आतला अर्धा लपलेला, म्हणून बघणाऱ्याला शिल्पाभोवती फिरावं लागतं. हे तो तिथे शिकला. त्याचं 1939-40चं ‘हेल्मेट’ आणि पन्नाशीच्या दशकातली ‘इंटर्नल अँड एक्स्टर्नल फॉर्म्स’ ही शिल्पं पाहिली की त्याचं म्हणणं पटतं. मूरला मलांगनमधलं खरोखरचं काहीतरी दिसलं होतं. ‘आदिम कले’तून काहीबाही उचलणाऱ्या त्या काळच्या अनेकांपेक्षा त्याची नजर कितीतरी प्रामाणिक होती.

पण त्यानं रंग सोडला. मलांगनवर लाल, काळा, पांढरा आणि पिवळा यांचं बारीक नक्षीकाम असतं. काही मूर्तींवर व्यापाऱ्यांकडून आलेली कपड्याची नीळसुद्धा आहे. हे रंगकाम शिल्पाला उठाव देत नाही, उलट मोडतं. जिथे दंड गोल फिरतो तिथे मधूनच काळ्या-पांढऱ्या रेषांची पट्टी आडवी जाते आणि गोलाई डोळ्यांपासून लपते. दांडा कुठे संपला आणि सापाचं अंग कुठे सुरू झालं हे कळू नये अशीच ती योजना वाटते. आकाराच्या आतला आकार कळायला मूर्तीभोवती फिरावं लागतं हे मूरचं म्हणणं बरोबर, पण फिरल्यावरही तो नीट हाती लागत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. मूरनं त्यातून काढलेलं शिल्प ब्राँझचं आहे, एकरंगी आहे आणि बागेत शंभर वर्षं उभं राहू शकतं. म्हणजे तीन गोष्टी बदलल्या आणि तिन्ही महत्त्वाच्या होत्या.

टिकण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजायला त्याच बेटावरची दुसरी मूर्ती मदतीला येते. मध्य न्यू आयर्लंडच्या डोंगराळ भागात ‘उली’ नावाच्या मूर्ती होत्या. दाढी, स्तन आणि शिस्न एकाच देहावर, दात विचकलेले, पाय आखूड आणि जाड. आंद्रे ब्रेताँ या सर्‍रिअलिस्ट कवीला तिनं इतकं झपाटलं होतं की 1948मध्ये त्यानं तिच्यावर कविता लिहिली. त्याच्या अभ्यासिकेच्या भिंतीवरची उली आज त्या भिंतीसकट पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आहे. उली समारंभानंतर टाकून देत नसत. ती गुंडाळून ठेवत आणि पुढच्या वेळी रंग चढवून पुन्हा बाहेर काढत.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. उली ठोकळ्यासारखी आहे. हात-पाय धडाला चिकटून, मोडेल असं बाहेर काही नाही. मलांगनमधून मात्र लाकूड इतकं काढून घेतलेलं असतं की उरलेलं जेमतेम उभं राहतं. बोटाएवढ्या दांड्या, कागदासारखे पंख, मधून आरपार दिसणारी पोकळी. एका पावसाळ्यात तिचा चोथा होईल. राखायची मूर्ती आणि सोडून द्यायची मूर्ती यांतला फरक कोणी सांगायची गरज नाही, तो लाकडाच्या जाडीत दिसतो. कुजण्याचं निम्मं काम कोरणाऱ्यानंच करून ठेवलेलं असतं. संग्रहालयातल्या दुरुस्तीतज्ज्ञांना या मूर्तींचा त्रास होतो तो याचमुळे. लोखंडी पाती आल्यावर हे काम अधिक नाजूक झालं असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं, आणि त्यात काही कमीपणाही वाटत नाही. ‘संपर्कापूर्वीचं शुद्ध’ शोधणाऱ्या संग्राहकांनी नीळ आणि लोखंड दोन्हींकडे नाक मुरडलं, पण कोरणाऱ्यांना नवी पटाशी मिळाल्यावर त्यांनी ती मूर्ती आणखी विरळ करायला वापरली. हे त्यांच्या परंपरेच्या तर्काला धरूनच झालं.

कुजण्याच्या या तर्काची सर्वांत गाजलेली मांडणी सुझान क्युख्लर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंची. त्यांनी न्यू आयर्लंडमध्ये राहून काम केलं आणि त्यांचं मलांगनवरचं पुस्तक 2002मध्ये आलं. त्याआधी, 1998मध्ये, आल्फ्रेड जेल यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट अँड एजन्सी’त त्यांच्या कामाचा आधार घेऊन काही पानं आली आणि मलांगन जगभरच्या कला-सिद्धान्ताच्या वर्गांत पोचलं. सारांश असा: मूर्ती ही मृताची तात्पुरती कातडी. त्याची जीवनशक्ती तिच्यात गोळा होते, बघणाऱ्यांच्या स्मृतीत ती प्रतिमेच्या रूपानं जाते, आणि मग लाकडाला मारून टाकलं जातं. मूर्ती नष्ट झाल्यामुळेच प्रतिमा जिवंत राहते. टिकवणं म्हणजे आठवणं, ही आपली समजूत इथे उलटी होते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आजही मलांगनबद्दल याहून खोल कोणी लिहिलेलं मला माहीत नाही. तरी जितक्या वेळा हा युक्तिवाद इतरांच्या लेखांत, प्रदर्शनांच्या पुस्तिकांत वाचला, तितकी त्याच्याबद्दलची अस्वस्थता वाढत गेली. कारण तो संग्रहालयांना फार सोयीचा आहे. या मूर्ती त्यांना नाहीतरी टाकूनच द्यायच्या होत्या, रानात कुजल्या काय आणि बर्लिनच्या तळघरात गेल्या काय, त्यांच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. क्युख्लर इतकं ढोबळ बोलत नाहीत, पण त्यांच्या नंतरचे बोलतात. बेनिनच्या ब्राँझबद्दल संग्रहालयांना खाली मान घालावी लागते, मलांगनबद्दल मात्र सिद्धान्तच त्यांचा वकील होतो.

ही विक्री कोणत्या काळात झाली ते पाहा. 1880च्या दशकात न्यू आयर्लंडची माणसं मजूर म्हणून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर आणि सामोआच्या नारळबागांवर नेली जात होती, पुष्कळदा फसवून. 1900मध्ये फ्रान्झ बोलुमिन्स्की हा जर्मन अधिकारी कावियेंगला आला. त्यानं गावोगावच्या लोकांना राबवून पूर्व किनाऱ्याचा रस्ता करून घेतला. तो रस्ता आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. मग रोख पैशात भरायचा डोईकर आला. 1907 ते 1909 जर्मन नौदलाची संशोधन मोहीम बेटावर होती. तिचा प्रमुख एमिल श्टेफान तिथेच 1908मध्ये वारला आणि ऑगस्टिन क्रेमर त्याच्या जागी आला. या सगळ्या वर्षांत मूर्ती हजारोंच्या संख्येनं बाहेर गेल्या. समारंभ संपल्यावर त्या विकणं हा मलांगनच्या तर्काचा भाग होता हे खरं असेल. पण ज्याच्या घरातले दोन तरुण सामोआहून परतले नाहीत आणि ज्याला कर भरायचाय, त्यानं मूर्ती विकली यात तर्क किती आणि गरज किती? सिद्धान्त हा प्रश्न विचारत नाही, कारण त्यातला न्यू आयर्लंडचा माणूस मृत्यू, स्मृती आणि प्रतिमा यांतच मग्न असतो. त्याला कर नसतो.

हॉर्टेन्स पावडरमेकर 1929-30मध्ये लेसू गावात राहिल्या. 1933मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक सिद्धान्ताच्या दृष्टीनं आज जुनं वाटेल, पण त्यात मलांगनच्या भोवतीची माणसं दिसतात. तिथे मलांगन मुलांच्या सुंतेच्या विधीशी जोडलेलं होतं. कुंपणाच्या आत पुरुषांचा कारभार चाले तेव्हा बायकांचे स्वतःचे नाच आणि जेवणावळी होत, आणि पावडरमेकर त्यांच्याकडून नाच शिकून त्यात नाचल्यासुद्धा. ज्या मृत्यू-स्मृतीच्या सिद्धान्तावर आपण इतके फिदा होतो, त्याच्या कडेला डुकरं राखणाऱ्या, टारो लावणाऱ्या आणि रात्रभर नाचणाऱ्या या बायका आहेत. त्यांच्याशिवाय मूर्ती उघड करायला दिवसच उजाडला नसता.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना गणपती आला असेल. माझ्याही आला होता. घडवायचा, दीड किंवा दहा दिवस बघायचा, पाण्यात सोडायचा. पण हे साम्य फार पुढे जात नाही. गणपती कोणीही घडवावा, त्यासाठी कोणाला डुक्कर किंवा शिंपल्यांची माळ द्यावी लागत नाही. शेजाऱ्यासारखी मूर्ती आणली म्हणून भावकीत वैर येत नाही. न्यू आयर्लंडमध्ये विनापरवाना प्रतिमा कोरणं हा गंभीर गुन्हा आहे. हक्कही कोणाकडे संपूर्ण प्रतिमेचा असतो, तर कोणाकडे तिच्यातल्या एकाच आकाराचा. मला त्यापेक्षा जवळची वाटते ती घराण्यांची चीज. उस्तादानं शिष्याला वर्षानुवर्षं सेवा केल्यावर दिलेली, दुसऱ्या घराण्याचा कोणी श्रोत्यांत बसला असेल तर गायचीच नाही अशी बंदिश. ती गाताना असते, गाऊन झाल्यावर नसते, आणि तरी ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्यांनी ध्वनिमुद्रणाला नकार दिला त्या जुन्या गवयांना आपण विक्षिप्त म्हणतो. त्यांना आपल्या वस्तूचं स्वरूप आपल्यापेक्षा जास्त कळलं होतं, असं मला आता वाटतं.

ही तुलनाही एका जागी तुटते. ध्वनिमुद्रण ऐकून चीज उचलता येते. संग्रहालयातली मूर्ती बघून मात्र प्रतिमेचा हक्क मिळत नाही, कारण हक्क लाकडासोबत कधी विकलाच गेला नव्हता. तो विकणाऱ्याकडेच राहिला. पण म्हणून त्या काचेमागच्या मूर्तीशी तिथल्या लोकांना काही देणंघेणं नाही, हा निष्कर्ष घाईचा आहे. 2005च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमनं आपल्या मेलानेशियन संग्रहावर एक प्रकल्प सुरू केला. त्यात त्या त्या बेटांवरच्या लोकांना बोलावून वस्तूंवर बोलतं केलं गेलं. ज्या वस्तू ‘मेल्या’ असं सिद्धान्त म्हणतो त्यांच्यापाशी माणसं बोलायला बसतात, हे सिद्धान्तात कुठे बसवायचं?

आणि मलांगन संपलेलं नाही. मिशनरी आले, लोक ख्रिस्ती झाले, थडगी सिमेंटची झाली, तरी मलांगन होतं. प्रांतात त्या नावाचा महोत्सवही भरतो, पर्यटक येतात, विकायच्या मूर्तीही कोरल्या जातात. या नव्या मूर्तींकडे संग्राहक ढुंकून बघत नाहीत, कारण त्या ‘जुन्या’ नाहीत. जिथे प्रत्येक मूर्ती नवीच असायला हवी अशा परंपरेला हा निकष लावणं किती हास्यास्पद आहे, हे लिलावाच्या पुस्तिका चाळताना दर वेळी जाणवतं.

या लेखासोबत छायाचित्र हवं, असं संपादकांचं म्हणणं होतं. माझ्याकडे एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं, मुक्त परवान्याचं एक चांगलं चित्र होतं: पिंजऱ्यातला माणूस, तोंडात मासा, डोळे तेच. परवाना तपासला. छायाचित्रकाराचं नाव द्यायचं होतं, संग्रहालयाचं द्यायचं होतं, मूर्तीचा क्रमांक द्यायचा होता. ती प्रतिमा ज्यांची, त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. दोन-तीन मेलं इकडून तिकडे झाली. संपादकांचा मुद्दाही चुकीचा नव्हता: हे चित्र जगभर आधीच फिरतंय, आपण न छापल्यानं कोणाचं काय राखलं जाणार? त्याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. तरी चित्र काढून टाकलं आहे.